भारवाहू विमान आणि शस्त्राचा भार

लढाऊ विमानांच्या पराक्रमाच्या कथा आपण सर्वांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु ज्या विमानाने कोणावर गोळी झाडली नाही, ज्याने केवळ पीठ, तेल, औषधे, दारूगोळा आणि माणसे वाहिली, त्याची कथा क्वचितच कोणी सांगतो. आज त्या भारवाहू विमानाविषयी, आणि त्यातही एका विशिष्ट प्रश्नाविषयी, आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. शत्रूच्या माऱ्यात, मंद गतीने आणि कमी उंचीवरून उडणाऱ्या या विमानास शस्त्र द्यावे की न द्यावे? प्रश्न वरवर सोपा भासतो. ज्याच्या जिवास धोका, त्याच्या हाती शस्त्र असावे, हे कोणीही म्हणेल. तथापि गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही असे दिसून येते.

प्रथम भाराचा हिशेब समजून घेऊ. आमच्या मुळशी खोऱ्यातून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांनी पूर्वी लादलेले बैल चालत. खाली धान्य जाई आणि वर मीठ येई. बैलाच्या पाठीची शक्ती ठरलेली. वाटेत चोरांचे भय आहे म्हणून मालकाने त्याच बैलावर ढाल-तलवारींचा भारा लादला, तर तितके मीठ कमी यावयाचे, हे सांगावयास गणिती नको. विमानाचेही तसेच आहे. डाकोटा हे विमान घ्या. रिकामे असता त्याचे वजन सुमारे ८ टन. जास्तीत जास्त भरून ते सुमारे १४ टन. मधला जो सहा टनांच्या आतबाहेरचा फरक, त्यातच इंधन, चालक मंडळी आणि माल हे सर्व बसवावयाचे. पल्ला लांब असेल तर इंधन वाढते आणि माल घटतो. तोफ बसविली, पोलादी पत्रा लावला, तोफची बसविला, तर तेही याच सहा टनांतून वजा होते. विमानाचे पोट वाढत नाही. केवळ त्यातील वाटेकरी वाढतात.

शिवाय शस्त्र कोठे बसविले यालाही महत्त्व आहे. तराजूच्या दांडीच्या टोकाशी ठेवलेले लहानसे वजनही पारडे फिरविते. त्याचप्रमाणे शेपटीत बसविलेली तोफ आपल्या वजनाहून अधिक त्रास देते, कारण तिच्यासाठी पुढचा सारा भार नव्याने जुळवून विमानाचा तोल सांभाळावा लागतो.

या हिशेबाकडे दुर्लक्ष करून, एकाच विमानाकडून दोन्ही कामे घ्यावीत, असा प्रयत्न इंग्रजांनी आपल्याच सरहद्दीच्या निमित्ताने केला होता. १९२८ च्या डिसेंबरात काबूलमध्ये बंडाळी माजली, तेव्हा व्हिक्टोरिया जातीच्या भारवाहू विमानांनी व त्यांच्या सोबतीच्या इतर विमानांनी १९२९ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे ६०० माणसे हिमाच्छादित डोंगरांवरून सुखरूप बाहेर काढली. ही माणसे वाचली ती तोफांमुळे नव्हे, तर विमानाच्या पोटात जागा होती म्हणून. परंतु साम्राज्यास काटकसर हवी होती. म्हणून त्यानंतर सैनिकही नेईल आणि बाँबही टाकील अशी दुहेरी विमाने घडविण्यात आली. त्यांपैकी एकास तर बाँबे असे आपल्या मुंबईचेच नाव होते! त्यात २४ सैनिक बसत, नाकात आणि शेपटीत तोफची बसे, आणि पोटाखाली बाँब लटकत. अशी केवळ ५० विमाने बांधली गेली. बाँबफेकी म्हणून ते मंद ठरले, वाहक म्हणून त्याची क्षमता बेताची राहिली, आणि पुढे महायुद्धात जगाने निवड केली ती नि:शस्त्र डाकोटाची. डाकोटा जातीची दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांच्या अंगावर एकही तोफ नव्हती.

या निवडीचा अर्थ मराठा पलटणीच्या जवानांनी प्रत्यक्ष अनुभवला. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरातील संगशाक या खेड्यात ५० वी छत्रीधारी ब्रिगेड जपानी सैन्याने वेढली. तिच्यासोबत चौथी मराठा पलटण लढत होती. पाणी, अन्न, दारूगोळा, जे काही यावयाचे ते आकाशातून. परंतु वेढ्यातील जागा इतकी चिंचोळी होती की, उंचावरून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्याच हाती पडला. माल आपल्यांना मिळावयाचा तर विमानाने खाली यावे, गती कमी करावी आणि सरळ रेषेत उडावे, म्हणजेच शत्रूच्या बंदुकांपुढे आपले पोट उघडे करावे, ही या कामाची अटच आहे. विमानाच्या टपावर तोफ असती तर ही अट टळली नसती. माल मात्र कमी झाला असता. त्यानंतर इंफाळमध्ये अडकलेल्या सुमारे दीड लाख सैन्यास कित्येक आठवडे हवाई मार्गानेच जगविण्यात आले. डाकोटांचे रक्षण निराळ्या लढाऊ विमानांनी केले. वाहणाऱ्याने वाहावे आणि राखणाऱ्याने राखावे, अशी ती वाटणी होती.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर स्टालिनग्राडकडे पाहावे. १९४२ च्या हिवाळ्यात तेथे वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्यास दिवसाकाठी किमान ३०० टन माल हवा होता. सरासरीने त्याच्या निम्माही पोचेना. जर्मनांचे युंकर्स हे भारवाहू विमान सशस्त्र होते, त्याच्या पाठीवर मशीनगन असे. भारवाहू विमाने अपुरी पडली म्हणून त्यांनी हाइंकेल जातीची बाँबफेकी विमानेही या कामास जुंपली. परंतु बाँबसाठी रचलेल्या त्या अरुंद पोटात दीड-दोन टनांपलीकडे माल बसत नसे, आणि त्याच्या तोफा व तोफची तर प्रत्येक फेरीत सोबत जातच. या मोहिमेत जर्मनीची पाचशेच्या आसपास विमाने नष्ट झाली. आकाशाचे स्वामित्व हातचे गेल्यावर पाठीवरच्या मशीनगनने कोणास तारले नाही.

आता आपल्या स्वतंत्र भारताच्या इतिहासाकडे वळू. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमाने श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली आणि काश्मीर वाचविण्याचा आरंभ झाला. पुढे पूंछ शहर वेढले गेले. तेथे निर्वासितांच्या श्रमातून कच्ची धावपट्टी तयार झाली आणि एअर कमोडोर मेहरसिंग यांनी त्या तोकड्या पट्टीवर डाकोटा उतरविले. येताना या विमानांनी शिधा आणला, दारूगोळा आणला, तोफाही आणल्या. जाताना हजारो निर्वासित बाहेर नेले. येथे एक मार्मिक गोष्ट लक्षात घ्यावी. डाकोटाच्या अंगावर तोफ नव्हती. परंतु डाकोटाच्या पोटातून उतरलेली तोफ पूंछच्या रक्षणासाठी रात्रंदिवस उभी राहिली. तीच शक्ती विमानास जडवून ठेवली असती, तर फार तर काही क्षणांपुरती उपयोगी पडली असती. २४ मे १९४८ रोजी याच मेहरसिंगांनी सेनापती थिमय्यांना सोबत घेऊन साडेदहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेह येथे डाकोटा उतरविले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की, जास्तीचा प्रत्येक मण धावपट्टीची लांबी खातो.

त्याच युद्धात डाकोटाच्या दारातून हातांनी बाँब ढकलून शत्रूवर टाकण्याचेही प्रसंग आले. हे शस्त्र नव्हे काय? अवश्य होय. परंतु ते विमानाच्या अंगचे शस्त्र नव्हते, ते त्या दिवसापुरते ओझे होते. बाँब खाली गेले की विमान पुन्हा मोकळे. दुसऱ्या दिवशी तेच विमान पिठाची पोती नेऊ शके. अंगाला जडलेले शस्त्र आणि ओझे म्हणून नेलेले शस्त्र, हा जो भेद आहे, तोच माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली होय.

येथे एक रास्त शंका उद्भवते. वैमानिकाच्या जिवाचे काय? नि:शस्त्र डाकोटावर शत्रूचे लढाऊ विमान चालून आले तर? असा प्रसंग ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खरोखरच घडला, आणि तो प्रतिपक्षावर ओढवला होता. पाकिस्तानचे एक डाकोटा चिलासच्या बाजूस रसद टाकून परतत असता आपल्या दोन टेम्पेस्ट विमानांनी त्याला गाठले. त्यातील एक सैनिक मृत्युमुखी पडला. परंतु मुख्तार डोगर नावाच्या त्या वैमानिकाने सिंधूच्या अरुंद दरीत विमान खाली घातले आणि वळणे घेत घेत ते सुटून गेले. त्याबद्दल त्याला त्याच्या देशाने वीरपदक दिले. शत्रू झाला तरी कौशल्याचे कौतुक करावे. वेगवान टेम्पेस्टला जी दरी अडचणीची, तीच मंद आणि हलक्या डाकोटाला सोयीची ठरली. परंतु या सुटकेची किंमत एका माणसाच्या प्राणाने चुकती झाली, हेही विसरून चालणार नाही. नि:शस्त्रतेची काटकसर फुकट पडत नाही. तिचे मोल विमानात बसलेली माणसे देतात.

१९६२ साली हा प्रश्न आणखी तीव्र स्वरूपात पुढे आला. लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डी नावाचे ठाणे आहे. त्याची उंची १६,६०० फुटांच्या आसपास. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच असते. पंखांना उचलणारी हवा विरळ, एंजिनास मिळणारी हवाही विरळ! २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट जातीचे दुहेरी एंजिनांचे भारवाहू विमान तेथे उतरवून दाखविले. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत हे नाव माहीत असावे असे मला वाटते. हे साधले कसे? पॅकेटच्या पाठीवर एक लहानसे जेट एंजिन चढविण्यात आले होते. आता हाही जादा भारच होता, आणि त्याला जादा इंधनही लागे. परंतु हा भार स्वत:हून अधिक भार उचलीत होता. भार घेताना हीच कसोटी लावावयास हवी: जो घेतला तो आपल्या वजनाची परतफेड करतो काय? जेट एंजिनाने ती केली. दौलत बेगच्या विरळ हवेत तोफेने ती केली नसती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चुशूलवर चिनी संकट आले असता, अँतोनोव्ह-१२ या मोठ्या रशियन बांधणीच्या विमानांनी चंदीगडहून २० व्या लान्सर्स रिसाल्याचे सहा हलके रणगाडे १४ हजार फुटांवरील त्या धावपट्टीवर नेऊन उतरविले. एकेक रणगाडा तेरा-चौदा टनांचा. विमान ज्या भारासाठी रचले, तो समुद्रसपाटीच्या हिशेबाचा. चुशूलला इंधन मोजूनमापूनच भरावे लागे. याच अँतोनोव्हच्या मूळ रशियन रचनेत शेपटीत तोफचीची खोली आणि २३ मिलिमीटरच्या दोन तोफा आहेत. केवळ हिशेबासाठी असे धरा की, ही खोली, तोफा, गोळे आणि तोफची यांचे मिळून वजन अर्धा टन भरते. एका विमानाने वर्षाकाठी लेहच्या २०० फेऱ्या केल्या, तर १०० टन माल केवळ या शेपटीसाठी मागे राहिला. शत्रू शेपटीशी येवो वा न येवो, हा कर प्रत्येक फेरीस भरावाच लागतो. आणि त्याच विमानाने एका फेरीत एक रणगाडा पुढे नेला, तर त्याची तोफ महिनोन् महिने सीमेवर उभी राहते.

यानंतर १९७१. या युद्धात आपल्या वायुदलाने भारवाहू विमानांकडून बाँबफेकीचे मोठे काम करवून घेतले. विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांच्या ४४ व्या स्क्वाड्रनच्या अँतोनोव्ह-१२ विमानांनी रात्रीच्या अंधारात लाहोरजवळच्या चांगा मांगा जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर आणि पुढे हाजी पीरच्या बाजूच्या ठाण्यांवर बाँब टाकले. पद्धत तीच, काश्मीरच्या वेळची, परंतु मोठ्या प्रमाणावर: फळ्यांवर बांधलेले बाँब मागच्या दारातून सरकवून सोडावयाचे. वसिष्ठ यांस महावीरचक्र मिळाले. युद्ध संपताच तीच विमाने पुन्हा लेहच्या रसदीस लागली. फळ्या उतरविल्या की बाँबफेकी विमान संपले आणि मालवाहू विमान उरले. अर्थात यातही उणीव होती. बाँबफेकी विमानाची अचूकता, वेग आणि चपळाई येथे नव्हती. म्हणूनच विस्तृत जंगलासारखी लक्ष्ये आणि रात्रीची वेळ निवडावी लागली. हे मर्यादा ओळखून केलेले साहस होते.

त्याच सुमारास नागालँडमधील दिमापूर येथे बांगलादेशाच्या भावी वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्याजवळ होती तीनच वाहने: एक डाकोटा, एक ऑटर नावाचे छोटे विमान आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर. ऑटरच्या दोन्ही पंखांखाली सात-सात रॉकेटे बसविली, दार काढून मशीनगन लावली. आणि युद्धाच्या आरंभीच त्याने चितगावच्या तेलसाठ्यावर हल्ला चढविला. डाकोटालाही बाँब टाकण्यायोग्य करण्यात आले होते. परंतु तांत्रिक अडचणींमुळे ते अखेर वाहतुकीसाठीच वापरले गेले. तेव्हा भारवाहू विमानास शस्त्र कधीच देऊ नये, असा माझा सिद्धांत नाही. ज्यांच्यापाशी दुसरे काहीच नाही, त्यांनी नांगराचा फाळही तलवार म्हणून उचलावा. परंतु नांगर नांगरण्यासाठी हवा आहे, हे तेव्हाही ध्यानात असावे.

याच युद्धातील ११ डिसेंबरची सायंकाळ तर मराठी माणसाच्या विशेष अभिमानाची आहे. टांगाइलजवळ पुंगलीचा पूल हस्तगत करण्यासाठी दुसरी छत्रीधारी पलटण आकाशातून उतरली. ही पलटण मूळची तिसरी मराठा. पौड-मुळशीपासून मावळापर्यंत कित्येक घरांत मराठा पलटणीत चाकरी केलेला एखादा माणूस सापडतो. त्या घरांना या दिवसाचे मोल वेगळे सांगावयास नको. अँतोनोव्ह, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू अशी नाना जातींची विमाने या कामी होती. छत्रीधारी उतरवितानाही अट तीच: खालून, हळू आणि सरळ. अशा वेळी विमानातील तोफेने काय साधले असते? त्यांचे खरे चिलखत निराळेच होते. आपल्या लढाऊ विमानांनी आधीच्या काही दिवसांत ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडून शत्रूची विमाने जमिनीवर खिळवून टाकली होती. म्हणून मंद विमाने निर्भयपणे आली आणि भरल्या पोटाने आली. पुढे याच पुलाशी जमिनीवरून चालून आलेली पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, या छत्रीधाऱ्यांना येऊन मिळाली.

आता दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण. १९६४ च्या डिसेंबरात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये डाकोटाच्याच डाव्या कुशीत अतिशय वेगाने गोळ्या झाडणाऱ्या तीन मशीनगना बसविल्या. विमान डावीकडे कलून घिरट्या घाली आणि खालच्या ठाण्याभोवती गोळ्यांचा वर्षाव करी. वेढ्यातील ठाण्यांना त्याने मोठा आधार दिला, हे निर्विवाद. परंतु हिशेब पहा. पूर्ण वेगाने एक मशीनगन मिनिटास ६,००० गोळ्या झाडे. तिन्ही मिळून १८,०००. एक काडतूस सुमारे २५ ग्रॅमचे धरले, तर एका मिनिटाच्या माऱ्याला ४५० किलो वजन लागते, म्हणजे ५० किलोची नऊ पोती. हे विमान मग भारवाहू राहिले नाही. त्याच्या पोटात आता दारूगोळाच भरलेला. अमेरिकेपाशी डाकोटा पुष्कळ होते, म्हणून काही कायमचे तोफखान्यात घालणे तिला परवडले. ज्या देशाची ठाणी हिवाळाभर विमानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्याने हे अनुकरण विचारपूर्वकच करावे.

आज काळ पालटला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी आपल्या वायुदलाचे हर्क्युलिस जातीचे मोठे विमान दौलत बेग ओल्डीला उतरले, राजे यांच्या त्या पहिल्या उतरणीनंतर ५१ वर्षांनी. आता भय प्रामुख्याने खांद्यावरून सोडल्या जाणाऱ्या, एंजिनाच्या उष्णतेचा माग काढणाऱ्या अस्त्रांचे आहे. त्यावर उपाय म्हणून या विमानांत धोक्याची सूचना देणारी यंत्रे असतात, आणि अस्त्रास चकविण्यासाठी ती जळते तुकडे हवेत सोडतात. याही वस्तूंना वजन आहे. परंतु जेट एंजिनाला लावलेली कसोटी येथेही लावता येते: थोड्या वजनात त्या विमान आणि माणसे परत आणतात, आणि पोटातील जागा फारशी अडवीत नाहीत.

श्रोतेहो, मला या इतिहासातून एवढेच निवेदन करावयाचे होते. भारवाहू विमान नि:शस्त्र ठेवतो, तेव्हा आपण त्यातील चालकांकडून एक प्रकारचे ऋण घेतो. त्यांच्या तोफेचे वजन आपण पिठास आणि दारूगोळ्यास देतो, आणि त्यांनी उघड्या अंगाने ते पोचवावे अशी अपेक्षा धरतो. हा सौदा शहाणपणाचा आहे, असे अनुभव सांगतो. परंतु तो न्याय्य ठरावयाचा असेल तर ऋणाची फेड झाली पाहिजे. त्यांच्यासाठी आकाश राखणारी लढाऊ विमाने, वेळीच सावध करणारी यंत्रे, नीट बांधलेल्या धावपट्ट्या आणि वेळच्या वेळी बदललेली विमाने हे सर्व राष्ट्राने पुरविले पाहिजे. संगशाकला वरून पडणाऱ्या मालाची वाट पाहणाऱ्या मराठा जवानास वैमानिकाचे नाव ठाऊक नव्हते. आपल्याला तरी निदान त्याच्या कामाचे स्वरूप ठाऊक असावे.